हलव्याला काटा येईना आणि पेटीचं झाकण बसेना

दिवाळी अंक आणि त्यानंतरच्या दोन अंकांतल्या पाककृती नि हस्तकला घरी करून पाहिलेल्या सातारा-सांगलीकडच्या वाचकांची पत्रं या वेळी घेतली आहेत. जमलं ते कुणी कळवत नाही, फसलं की पत्र येतं, आणि ते बरंच आहे. ज्यांनी नेमकं किती घेतलं, किती वेळ ठेवलं, काय दिसलं हे लिहिलं त्यांना नेमकं उत्तर देता आलं. पुढे वाटी म्हटलं की १५० मिलीची, चमचा ५ मिलीचा आणि मोठा चमचा १५ मिलीचा समजावा.

दोन वाट्या मैदा, एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर आणि अर्धा चमचा सोडा, असं अंकाबरहुकूम घेऊन नानकटाई केली. ट्रेमध्ये सगळी पसरून एकच पोळी झाली. आमची वाटी मोठी आहे, त्यामुळे असं झालं का? (विटा)

वाटी मोठी असल्याने सहसा बिघडत नाही. मैदा, तूप, साखर एकाच वाटीने मोजलं की प्रमाण तेच राहतं, नानकटाया फक्त जास्त होतात. घोटाळा होतो तो चमच्याने मोजायच्या जिनसांचा. २०० मिलीची वाटी घेतलीत आणि सोडा अर्धाच चमचा टाकलात तर सोडा कमी पडतो, १०० मिलीच्या वाटीला तोच सोडा जास्त होतो. म्हणून आधी पाणी घालून आपल्या वाटीचं माप एकदा काढून ठेवा.

तुमच्या नानकटाया पसरल्या त्या बहुधा तुपामुळे. तूप पातळ करून मोजलंत का? पातळ तूप वाटीत काठोकाठ बसतं आणि १३५ ग्रॅमच्या आसपास भरतं. थिजलेलं तूप चमच्याने वाटीत घातलं तर मध्ये पोकळ्या राहतात आणि ते ११५-१२० ग्रॅमच येतं. मैद्याचं याच्या उलट. चाळून अलगद भरलेली वाटी ७०-७५ ग्रॅमची, तर डब्यात दाबून भरलेली ९० च्या पुढे. म्हणजे तूप वरच्या बाजूला आणि मैदा खालच्या बाजूला चुकला, तर दोघांमधला फरक अर्ध्या वाटीएवढा पडू शकतो. वजनानेच घ्या: मैदा १६० ग्रॅम, बेसन २० ग्रॅम, तूप १२० ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम.

तूप थिजलेलं हवं, याला आणखी एक कारण आहे. ते पिठीसाखरेबरोबर सहा-सात मिनिटं फेसलं की पांढरं होतं, त्यात हवा धरली जाते. पातळ तुपात हवा राहत नाही, आणि त्या तुपाचा गोळा गरम ट्रेवर फुलायच्या आधीच वितळून पसरतो. गोळे वळून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. ओव्हन १७० अंशांवर आधी पूर्ण तापू द्या, ट्रे मात्र गार असावा. साधारण १८ ते २० मिनिटं लागतात. सगळा घाणा घालण्याआधी एकच नानकटाई भाजून बघा. पसरली तर उरलेल्या पिठात दोन मोठे चमचे मैदा मिसळायला वाव असतो.

संक्रांतीला घरी हलवा करायला बसलो. पाक खडा होऊ नये म्हणून त्यात अर्धं लिंबू पिळलं. दोन तास हलवूनही काटा आला नाही, तीळ नुसते चिकट झाले. दुसऱ्या दिवशी पाक जरा घट्ट केला, तर तिळांच्या गुठळ्या. सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे आणि नातवाच्या बोरन्हाणाचे दागिने करायचे आहेत. (वाई)

लिंबाने घात केला. गुलाबजामच्या पाकात आपण लिंबू पिळतो ते साखरेचे खडे बनू नयेत म्हणून. आंबटामुळे काही साखर फुटून तिचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं आणि मग साखरेला कण धरता येत नाही. हलव्यात तर आपल्याला कणच हवा असतो. काटा म्हणजे दुसरं काय, साखरेचा कणच. तेव्हा हलव्याच्या पाकात लिंबू, सायट्रिक ॲसिड, मध यातलं काहीही नको. पाक स्वच्छ करायचा असेल तर उकळताना मोठा चमचाभर दूध घाला, वर येणारी मळी काढून टाका आणि पाक ओल्या पंच्यातून गाळा.

प्रमाण असं: तीळ ५० ग्रॅम, साखर अर्धा किलो, पाणी २५० मिली. तीळ पांढरे, निवडलेले, मंद भाजून चाळलेले. चाळणं टाळू नका, कारण तिळाचा भुगा आणि फुटके तीळ यांच्यावर आधी साखर बसते आणि त्यांचेच बारीक खडे तयार होतात. पाक एकतारीच्या अलीकडचा हवा: दोन बोटांत धरला की चिकट लागतो, तार दिसते न दिसते तोच तुटते. एकतारी झाला की तुमच्यासारख्या गुठळ्या होणार. पाकाचं भांडं गरम पाण्यात ठेवा, म्हणजे तो शेवटपर्यंत तेवढाच राहील. घट्ट वाटू लागला तर चमचाभर उकळतं पाणी.

परात जाड बुडाची घ्या. निखारे असतील तर उत्तमच. गॅसवर करायचं तर सर्वांत बारीक आचेवर जाड तवा आणि त्यावर परात. तिच्या बुडाला हात टेकवून सहज धरता आला पाहिजे. परात यापेक्षा तापली तर पाक तिळाला चिकटायच्या आत सुकून त्याची पूड होते आणि पुढे हलवा पिवळटही पडतो.

आता पाक घालणं. ५० ग्रॅम तिळावर सुरुवातीला एका वेळी अर्धा चमचा पाक, बस. बोटांच्या टोकांनी गोल फिरवत राहायचं, दाबायचं नाही. आधी ओलसर चिकट वाटतं, मग दाणे सुटे होतात आणि परातीत सळसळ असा कोरडा आवाज येतो. तो आवाज आला की पुढचा अर्धा चमचा. इथेच बहुतेकांची घाई होते. पहिला तास-दीड तास काटा दिसतच नाही, तिळावर नुसतं पांढरं पुट चढतं. मग कुठे बारीक उंचवटे दिसू लागतात. जिथे उंचवटा आला तिथे पुढचा पाक आधी लागतो आणि आधी सुकतो, म्हणून तो उंच होत जातो. एकदम दोन-तीन चमचे पाक ओतला तर उंचवट्यांमधल्या खळग्याही भरून जातात आणि दाणा गुळगुळीत होतो. उलथण्याने हलवलं तर आलेला काटा मोडतो. बोटं भाजत असतील तर आच जास्त आहे असं समजा.

दर अर्ध्या तासाने दाणे ताटलीत काढून परात कोरड्या फडक्याने पुसा आणि दाणे चाळणीत घोळवा. खाली पडलेली साखर चहाला चालते, पण परातीत राहिली तर पुढचा पाक तीच पिऊन टाकते. एका बैठकीत सगळा हलवा होत नाही. रोज दोन-दोन तास, तीन दिवस धरा. रात्री मलमलच्या कापडाखाली, कोरड्या जागी ठेवा. रंग हवा असेल तर शेवटच्या पाच-सहा वेळच्या पाकातच घाला, आधी घातला तर वरच्या पांढऱ्या थरांखाली फिका होतो. सकाळची कोरडी थंड हवा या कामाला सर्वांत चांगली. ढगाळ दिवशी बसूच नका.

दागिन्यांसाठी तीन आकारांचा हलवा लागतो. बारीक तिळाचा, मध्यम साबुदाण्याचा आणि मोठा शेंगदाण्याच्या पाकळीवरचा. हलव्यात सुई घालू नका, दाणा फुटतो. पांढरा दोरा दुहेरी घ्या, दोन पदरांच्या मध्ये दाणा धरा, त्याच्या पुढे आणि मागे गाठ मारा. काटा असल्याने दोरा दाण्याला धरून राहतो, गुळगुळीत हलवा निसटतो. ६ मिलिमीटरचा दाणा आणि २ मिलिमीटरची गाठ धरली तर ६० सेंटिमीटरच्या हाराला ७५ दाणे लागतात. दहा-बारा जास्तीचे ठेवा, कारण गाठी ओढताना काही फुटतातच.

सुनेच्या दागिन्यांना काळ्या मखमली पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवलेला हलवा चालेल. बाळाच्या मात्र नाही. मूल पहिल्यांदा हात घालतं ते मुकुटाला आणि दाणा थेट तोंडात जातो. बाळाचं सगळं दोऱ्यात गाठवलेलं असावं. गोंद, टाचणी, तार काही नको आणि मोठा हलवाही नको, तो घशात अडकू शकतो. वर्षाच्या बाळाच्या डोक्याचा घेर ४५-४६ सेंटिमीटर असतो. मुकुटाची पट्टी ४० ची करून मागे फीत बांधली की सैल-घट्ट करता येते.

तिळाच्या वड्या यंदा दगडासारख्या झाल्या. गेल्या वर्षी ताटातून निघाल्या नव्हत्या. गूळ एकाच दुकानातला. (सातारा)

दुकान एक असलं तरी गूळ तोच होता का, ते बघा. चिक्कीचा गूळ आणि साधा गूळ यांचा पाक वेगळा वागतो. मऊ वडीला साधा पिवळा गूळ: तीळ २५० ग्रॅम, दाण्याचा कूट १०० ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं ५० ग्रॅम, गूळ २५० ग्रॅम, तूप एक मोठा चमचा. वाटीत गार पाणी घेऊन पाकाचा थेंब टाका. विरघळला तर कच्चा. बोटांनी गोळा झाला आणि दाबल्यावर चपटा झाला की झाला. वाटीवर आपटून टक वाजला तर तो चिक्कीचा पाक. मऊ गोळी आणि टक यांच्यात मिनिटभराचंच अंतर असतं. लोखंडी कढई असेल तर गॅस बंद केल्यावरही पाक पुढे जात राहतो, म्हणून गोळी जमायच्या किंचित आधी बंद करा. दगड झालेल्या वड्या टाकू नका. कुटून, भाजलेलं बेसन आणि थोडा किसलेला गूळ मिसळून गूळपोळीचं सारण करा. ते पोळीत छान लागतं.

स्ट्रॉबेरीचा जॅम १०५ अंशांवर उतरवा असं दिलं होतं. थर्मामीटर लावून बसले, १०५ येईपर्यंत जॅम काळपट आणि टॉफीसारखा चिवट झाला. दुसऱ्या वेळी लवकर उतरवला, तो पातळ राहिला. (पाचगणी)

१०५ हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. छापताना हे सांगायला हवं होतं, ती आमची चूक. जॅम जमतो तो साखर साधारण ६५ टक्क्यांवर आल्यावर, आणि एवढी साखर असलेला रस पाण्याच्या उकळबिंदूच्या ४ ते ५ अंश वर उकळतो. मुंबईत पाणी १०० ला उकळतं म्हणून तिथे १०४-१०५. पण दर ३०० मीटर उंचीला उकळबिंदू साधारण एक अंश खाली येतो. पाचगणी १२९० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे तुमच्याकडे पाणी ९६ च्या आतबाहेर उकळतं आणि जॅम १०० ला तयार होतो. तुम्ही तो पाच अंश पुढे नेलात. हाच हिशेब सांगलीत जवळपास १०२-१०३ येतो, साताऱ्यात त्याहून किंचित कमी. वरण तुमच्याकडे उघड्या पातेल्यात लवकर शिजत नाही, त्याचं कारणही हेच.

आकडे पाठ करण्यापेक्षा सोपं सांगतो. जॅम करायच्या दिवशी आधी त्याच थर्मामीटरने उकळतं पाणी मोजा. जो आकडा येईल त्यात साडेचार मिळवा. थर्मामीटर एखादा अंश चुकीचा दाखवत असेल तर तीही चूक यात निघून जाते. टोक मात्र भांड्याच्या बुडाला टेकवू नका.

आता तुमचा दुसरा, पातळ राहिलेला जॅम. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी असतं, नुसत्या साखरेवर ती नीट जमत नाही. देठ काढून १ किलो फळ, ८०० ग्रॅम साखर, दोन लिंबांचा रस (६० मिली) आणि एका अर्धकच्च्या पेरूच्या फोडी कपभर पाण्यात २० मिनिटं उकळून गाळलेलं पाणी. पेरूत पेक्टिन भरपूर असतं आणि एवढ्याने त्याचा वास येत नाही. हलव्यात लिंबू नको म्हटलं, इथे ते हवंच: पेक्टिन आंबटाशिवाय धरत नाही, आणि साखरेचे खडेही बनू द्यायचे नाहीत. फळं फार पिकलेली नकोत, पिकताना पेक्टिन कमी होतं. किलोभरात दोनशे ग्रॅम तरी पांढऱ्या खांद्याची, जरा कच्ची घ्या.

फळ आणि साखर रात्रभर एकत्र ठेवा. फोडी अख्ख्या राहतात आणि साखर आधीच विरघळते. सकाळी रुंद पातेल्यात, एका वेळी किलोपेक्षा जास्त नाही, मोठ्या आचेवर उकळा. खोल भांड्यात दोन किलो घातलं तर पाणी उडायला दुप्पट वेळ लागतो, तेवढ्यात रंगही जातो आणि पेक्टिनही तुटतं. पंधरा मिनिटांनी परीक्षा सुरू करा. फ्रीजरमध्ये ठेवलेल्या ताटलीत अर्धा चमचा टाका, मिनिटभराने बोटाने सरकवा. साय सुरकुतली तर गॅस बंद. परीक्षा करताना दर वेळी आच बंद ठेवा, नाहीतर ताटलीकडे बघता बघता जॅम पुढे जातो. बाटल्या तुमच्या उंचीवर १० ऐवजी १५ मिनिटं उकळा आणि जॅम कडक गरम असतानाच भरा.

पातळ राहिलेला जॅम पुन्हा लिंबाबरोबर उकळता येतो, एकदाच. चिवट झालेला परत येत नाही. गरम पाण्यात सैल करून दुधात घाला.

खणाच्या कापडाची दागिन्यांची पेटी केली. अंकातल्या मापाने पुठ्ठा कापला, पण सुकल्यावर बाजू आत वाकल्या, झाकण बसत नाही आणि खणावर गोंदाचे डाग उमटले. (मिरज)

तीन दोष, तीन कारणं. बाजू वाकल्या, कारण कापड एकाच बाजूला लावलंत. ओल्या गोंदाने कापड आणि कागद फुगतात, सुकताना आकसतात आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतात. दुसऱ्या बाजूला तेवढंच ओढणारं काही नसेल तर पुठ्ठा वाकणारच. बाहेर खण लावलात त्याच दिवशी आत जाड कागद किंवा अस्तर लावा, आणि दोन्ही लागल्यावर वजनाखाली ठेवा. वर्तमानपत्राची घडी, त्यावर पाट, त्यावर डिक्शनऱ्या. वर्तमानपत्र दोन तासांनी बदला, रात्रभर दाबून ठेवा. पंख्याखाली सुकवू नका, एक बाजू आधी सुकते.

पुठ्ठ्यालाही धाग्याची दिशा असते. दोन्हीकडून हलके वाकवून बघा, ज्या बाजूने सहज वाकतो ती दिशा. पेटीच्या चारही भिंतींत ती उभी येईल असे तुकडे कापा. कागद वाचवायला आडवे-उभे मिसळून कापले की एक भिंत सरळ आणि शेजारची फुगलेली, असं होतं.

झाकण बसत नाही, कारण जाडी मोजली नाही. अंकातलं माप नुसत्या पुठ्ठ्याचं होतं. समजा, कापड लावल्यावर पेटी बाहेरून २० × १२ सेंटिमीटर भरली. झाकण सहज निघायला २ मिलिमीटर मोकळीक हवी, आणि झाकणाच्या आतल्या अस्तराचा दोन्हीकडून अर्धा-अर्धा मिलिमीटर. म्हणजे झाकणाचं आतलं माप २०.३ × १२.३. म्हणून आधी पेटी पूर्ण करा, सुकवा, मग ती मोजून झाकण कापा. दोन्ही एकदम कापायचा मोह आवरा.

डागांचं म्हणाल तर गोंद पातळ होता. खण विणीने घट्ट दिसला तरी पाणी त्यातून पाझरतं. पाण्यासारखी खळ कापडाला चालत नाही. फेव्हिकॉल घट्टच, पुठ्ठ्यावर (कापडावर नाही) जुन्या कार्डाने अगदी पातळ पसरवा, मिनिटभर थांबा, मग खण ठेवून मधून कडांकडे हात फिरवा. आतल्या कागदाला खळ उत्तम: मैदा ५० ग्रॅम, पाणी ३०० मिली, पाव चमचा तुरटीची पूड, पारदर्शक होईपर्यंत शिजवायची. पूर्वी खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, घरात मुलं असताना नको.

वर्षाच्या बाळाचा स्वेटर अंकातल्यासारखा विणला. ८ नंबरची सुई, पाठीला ५० टाके. छातीत इतका लहान झाला की सहा महिन्यांच्या बाळालाही होणार नाही. माझा हात घट्ट आहे का? (फलटण)

हात नाही, नंबर. आपल्याकडे मिळणाऱ्या सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे ३.२५, १२ म्हणजे २.७५. अमेरिकी नंबर उलटा चालतो, तिकडची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. नमुना तिकडचा असला की हा गोंधळ होतो. यापुढे सुई मिलिमीटरमध्येच पाहा.

हिशेब करून बघा. ५ मिलिमीटरच्या सुईवर १० सेंटिमीटरला १८ टाके धरले होते. ५० टाक्यांची पाठ २७.८ सेंटिमीटर, म्हणजे पूर्ण घेर ५५ च्या वर. तुमच्या ४ मिलिमीटरच्या सुईवर त्याच लोकरीचे १० सेंटिमीटरला २२ टाके आले असतील, तर पाठ २२.७ आणि घेर जेमतेम ४५. वर्षाच्या बाळाची छातीच त्याहून मोठी असते.

उसवायला लागेल, पण आधी नमुना विणा. ३० टाके, ३६ ओळी, त्याच लोकरीत आणि त्याच सुईवर. धुवा, ओढाताण न करता पसरून सुकवा, मग मधले १० सेंटिमीटर मोजा. कडेचे टाके ताणलेले असतात, ते सोडा. अर्धा टाकाही मोजा, पाठीच्या रुंदीत त्याचा जवळपास पाऊण सेंटिमीटर होतो. ४ ची सुईच ठेवायची असेल तर २७.८ ला २.२ ने गुणा: ६१ टाके घाला. मुंड्यापर्यंतची उंची ओळी मोजून नव्हे, टेपने मोजून विणा.

सांगलीत राहून घरचं भडंग दुसऱ्या दिवशी मऊ पडतं, हे सांगायलाही लाज वाटते. (विश्रामबाग, सांगली)

लसूण बघा. लसणाची पाकळी बाहेरून लाल होते आणि आत ओली राहते, तेच पाणी रात्रभरात चुरमुऱ्यांत उतरतं. २५० ग्रॅम जाड भडंगाच्या चुरमुऱ्यांना २० पाकळ्या, ठेचून, १०० मिली तेलात मंद आचेवर बुडबुडे थांबेपर्यंत. कढीपत्त्याचंही तेच, पान बोटात कुरकुरीत मोडलं पाहिजे. १५० ग्रॅम शेंगदाणे त्याच तेलात. गॅस बंद करून मगच पाव चमचा हळद आणि दोन चमचे तिखट, नाहीतर तिखट करपतं. मीठ तेलात टाकू नका, तळाशी बसतं. दीड चमचा मीठ आणि एक मोठा चमचा पिठीसाखर मिक्सरमधून एकत्र काढून शेवटी भुरभुरवा. चुरमुरे आधी उन्हात किंवा कढईत कोरडे करून घ्यायचे, आणि डबा भरायचा तो भडंग पूर्ण गार झाल्यावर. कोमट भरलं तर झाकणाच्या आत वाफ धरते.

फेब्रुवारीत द्राक्षं घरची येतील. थोडे बेदाणे घरीच करायचे आहेत. गेल्या वर्षी गच्चीवर वाळवले, तर काही काळे पडले, काहींना बुरशी. शेडवाल्यांसारखे हिरवे का होत नाहीत? (तासगाव)

द्राक्षावर जी पांढरी लव दिसते ती मेणाची असते, आणि ती आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. तशीच वाळत घातली तर तीन-चार आठवडे लागतात, तेवढ्यात बुरशी येते. शेडवर डिपिंग करतात ते हे मेण मोकळं करण्यासाठी: १ लीटर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली इथाइल ओलिएट म्हणजे आपलं डिपिंग ऑइल. त्यात घड काही मिनिटं बुडवून सावलीत, जाळीवर पातळ पसरतात. दोन आठवड्यांच्या आसपास माल निघतो. हिरवा रंग सावलीचा आणि खेळत्या वाऱ्याचा. उन्हात द्राक्ष तपकिरी होणारच. ते खराब नसतात, फक्त दिसायला वेगळे.

घरी चार-पाच किलोंसाठी रसायनाच्या मागे लागू नका. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळा, जाळीच्या भांड्यात अर्धा किलो द्राक्षं घेऊन २० ते ३० सेकंद बुडवा, लगेच गार पाण्यात. सालीवर केसासारख्या बारीक रेघा दिसल्या की पुरे. साल फाटून गर दिसला तर जास्त झालं, रस गळतो आणि माश्या बसतात. पाणी पुन्हा उकळल्याशिवाय पुढचा अर्धा किलो टाकू नका. कापडाने टिपून नायलॉनच्या जाळीवर एकेरी थरात पसरवा. जाळी जमिनीपासून फूटभर वर, खालून वारा लागेल अशी. प्लॅस्टिकच्या कागदावर वाळत घातली तर खालची बाजू ओली राहते, तुमची बुरशी बहुधा तिथलीच. पहिले तीन दिवस रोज उलटा, फुटके दाणे लगेच काढा, आणि संध्याकाळी जाळी आत घ्या. दव पडलं की दिवसभराचं वाळणं वाया.

द्राक्षं पूर्ण गोड झाल्यावरच तोडा. आंबट द्राक्षाचा बेदाणा बारीक आणि सालपट होतो. साधारण ४ किलोंना १ किलो बेदाणा पडतो. त्याहून बराच जास्त भरला तर आत पाणी आहे. मूठभर बेदाणे घट्ट दाबून सोडा: सुटे झाले तर डब्यात भरा, गोळा राहिला तर अजून दोन दिवस जाळीवर.